खाण खाली, विहीर वर

उघड्या कोळसा खाणीने गाव उठते, शेत जाते आणि मातीचे डोंगर उभे राहतात, हे विदर्भातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. भूमिगत खाणीबद्दल मात्र समज वेगळा आहे. कोळसा खालून निघतो आणि वरचे सारे जागच्या जागी राहते, असे मानले जाते. देशाच्या कोळसा उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा आज पाच टक्क्यांहून कमी आहे. हे उत्पादन २०३० पर्यंत १० कोटी टनांवर नेण्याचे केंद्राचे उद्दिष्ट आहे आणि त्याच्या समर्थनात हीच गोष्ट पुढे केली जाते: जमीन कमी लागते, विस्थापन कमी होते, जंगल वाचते.

हे सगळे खरे आहे, पण अपुरे आहे. खालचा कोळसा काढला की वरची जमीन खचते. जमिनीबरोबर त्या जमिनीतले पाणी आणि तिच्यावरून वाहणारे नाले यांची घडीही बदलते. जगात या प्रश्नाचा अभ्यास गेली चाळीस-पन्नास वर्षे गांभीर्याने होत आहे. त्यातून काय ठरले, कुठे वाद उरला आणि आपण त्यातून काय घ्यायचे, याचा हा आढावा.

छत कोसळते तेव्हा

भूमिगत कोळसा काढण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. आपल्याकडच्या बहुतेक खाणी ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीच्या आहेत. त्यांत आडव्या-उभ्या गल्ल्या खोदतात आणि मधले कोळशाचे खांब छताला आधार म्हणून ठेवतात. शेवटच्या टप्प्यात हे खांबही काढले जातात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. दुसरी रीत लाँगवॉलची. त्यात दोनशे-तीनशे मीटर रुंदीचा कोळशाचा पट्टा यंत्र सलग कापत जाते. यंत्र पुढे सरकले की मागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. कोसळलेल्या या भागाला खाणीत ‘गोफ’ म्हणतात.

छत कोसळल्यावर काय होते याचा ढोबळ आराखडा अभ्यासकांनी मांडला आहे. काढलेल्या थराच्या उंचीच्या सुमारे २ ते ८ पट उंचीपर्यंत खडकाचा चुराडा होतो. त्याच्या वर, ३० ते ५० पट उंचीपर्यंत, खडकाला भेगा पडतात आणि थर एकमेकांपासून सुटतात. म्हणजे ३ मीटरचा थर काढला, तर भेगांचा पट्टा शंभर-दीडशे मीटर वर जाऊ शकतो. त्याच्याही वरचा खडक फारसा न तुटता वाकतो आणि जमिनीवर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. या खोलगट भागाच्या कडांना जमीन ताणली जाते, मध्याकडे ती दाबली जाते. त्याचा पसारा खाणीच्या हद्दीवर थांबत नाही, बाहेरही जातो.

पाण्याचे भवितव्य ठरते ते यातल्या वरच्या दोन पट्ट्यांवर. भेगाळलेल्या पट्ट्यात एखादा पाणीधारक थर सापडला, तर त्याचे पाणी थेट खाणीत उतरते. वरच्या वाकलेल्या खडकात शेल किंवा चिकणमातीचे जाड थर असतील, तर ते भेगा बऱ्याच अंशी मिटवतात आणि वरचे पाणी वरच राहते. वालुकाश्म तसा मिटत नाही, त्यातली भेग उघडी राहते. म्हणूनच एका खाणीवरच्या विहिरी शाबूत राहतात आणि दुसऱ्या खाणीवरच्या आटतात. ‘आमच्या त्या खाणीत काही झाले नाही’ हा दाखला दुसऱ्या खाणीसाठी पुरावा ठरत नाही.

विहिरीच्या तळाशी

लाँगवॉलचा पट्टा एखाद्या विहिरीखालून जातो तेव्हा नेमके काय घडते, याच्या बारकाईच्या नोंदी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाल्या. भूजलशास्त्रज्ञ कॉलिन बूथ यांनी तिथे खाणकामाच्या आधीपासून ते नंतर कित्येक वर्षे विहिरींची पातळी आणि पाण्याची प्रत तपासली.

यंत्र विहिरीपाशी पोचण्याआधीच पातळी उतरू लागते. ते बरोबर खाली येते तेव्हा जमीन ताणली जाते, भेगा उघडतात आणि पाणी झपाट्याने खाली जाते. मोटपंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. पाणी खाणीत उतरलेच असेल असे इथे धरून चालत नाही. उघडलेल्या भेगांमुळे खडकात जागा वाढते. ती वाढलेली जागा आहे तेच पाणी भरून काढते, त्यामुळे एक थेंबही बाहेर न जाता पातळी पडते. यंत्र पुढे गेल्यावर जमीन दाबली जाते, भेगा काही प्रमाणात मिटतात आणि पातळी थोडी सावरते. त्यापुढची भरपाई आजूबाजूच्या झिऱ्यांवर आणि पावसावर अवलंबून असते.

इलिनॉयमधल्या एका ठिकाणी पातळी काही वर्षांत पूर्ववत झाली. दुसऱ्या ठिकाणी खडक कमी पाझरणारा होता, तिथे ती नीट भरलीच नाही. जिथे पाणी परत आले तिथे त्याची प्रत बिघडली होती, त्यात सल्फेट आणि इतर क्षार वाढले होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. खडक फुटला की नवे कोरे पृष्ठभाग उघडे पडतात. त्यांतल्या लोह-गंधकाच्या खनिजांना हवा आणि पाणी लागते आणि क्षार विरघळू लागतात.

‘पाणी परत येते’ हे खाण कंपन्यांचे आवडते वाक्य या अभ्यासांच्या आधाराने म्हटले जाते. ते पूर्ण चुकीचे नाही. पण ‘काही वर्षांत’ हा अवधी शास्त्रज्ञाच्या आलेखावर एक छोटा टप्पा असतो आणि शेतकऱ्याच्या हिशेबात तेच दिवाळे असते. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरच्या बाजूची संत्र्याची बाग घ्या. आंबिया बहराचे एका उन्हाळ्याचे पाणी चुकले तर फळ गळते, दुसऱ्या उन्हाळ्यात झाडच वाळते. तिसऱ्या वर्षी विहीर भरली तरी ओलिताला बाग उरलेली नसते. भूजलाच्या नुकसानीत काळ हाच मोठा घटक आहे आणि भरपाईच्या चर्चेत तोच सर्वांत आधी गळतो.

तुटलेले डोह

विहिरींपेक्षा ओढ्या-नाल्यांचे दुखणे अधिक चिवट असते. याचे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या दक्षिणेला आहे. इथे कोळशावर हॉक्सबरी वालुकाश्माचे जाड आवरण आहे आणि त्यात नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या आहेत. सिडनी परिसराला पाणी पुरवणारे कॅटरॅक्ट, कॉर्डो, अ‍ॅव्हन, नेपियन आणि वोरोनोरा हे जलाशय याच भागात आहेत.

वोरोनोरा जलाशयाला मिळणारा वॉराटा रिव्युलेट हा ओढा मेट्रोपॉलिटन कोळसा खाणीच्या वरून वाहतो. त्याची रचना आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांशी जुळती आहे. पात्रात आडव्या खडकाचे नैसर्गिक उंबरे आहेत आणि प्रत्येक उंबऱ्यामागे डोह. पाऊस नसतानाही हे डोह भरलेले असत. खाली लाँगवॉल गेल्यावर हे उंबरे तडकले. डोहातले पाणी तळातल्या भेगांत शिरून नाहीसे झाले आणि उघडा दगड वर राहिला. बरेच खाली गेल्यावर ते पाणी पुन्हा वर येते, पण नारिंगी रंगाचे होऊन. फुटलेल्या खडकातले लोह त्यात विरघळलेले असते. उजेडात येताच ते साका धरते, तळावर लोहजिवाणूंची साय पसरते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. १९९० च्या दशकात कॅटरॅक्ट नदीच्या पात्रालाही असेच तडे गेले होते.

इथे जमीन खचण्याचा एक वेगळा प्रकार लक्षात आला. दरीखालून वा दरीशेजारून कोळसा काढला की दरीचे दोन्ही काठ एकमेकांकडे सरकतात. तळाचा खडक मध्ये चेपला जातो आणि खचण्याऐवजी वर उचलला जाऊन फुटतो. त्यामुळे सपाट जमिनीसाठी बांधलेले अंदाज दरीत चुकतात, आणि खाण ओढ्याच्या थेट खाली नसली तरी पात्र फुटू शकते.

न्यू साउथ वेल्सने २००५ मध्ये लाँगवॉलमुळे जमीन खचून अधिवासात होणारा बदल हा वन्यजीवांना असलेल्या प्रमुख धोक्यांच्या कायदेशीर यादीत घातला. २००८ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या कोळसा क्षेत्राचा सविस्तर अहवाल दिला. तरीही ‘ओढ्याचे हरवलेले सगळे पाणी खाली परत येते की काही कायमचे जाते’ हा वाद मिटला नाही. डेंड्रोबियम खाणीत ३०५ मीटर रुंदीचे पट्टे काढल्यावर भेगा थेट जमिनीपर्यंत पोचतात का, यावर तज्ज्ञांची सूत्रे वेगवेगळे उत्तर देत होती. पाणलोटातील खाणकामासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाने सल्ला दिला की, शंका असेल तिथे सावधपणाचे सूत्र वापरावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतंत्र नियोजन आयोगाने डेंड्रोबियमच्या विस्ताराला नकार दिला. ७ कोटी ८० लाख टन कोळशाचा हा प्रस्ताव पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटाला आणि दलदलींना होणाऱ्या, भरून न येणाऱ्या हानीपायी थांबला. पुढे कंपनीने तो सोडूनच दिला.

तुटलेला ओढा दुरुस्त करता येतो का? वॉराटाच्या उंबऱ्यांत भोके पाडून भेगांत पॉलियुरेथेन रेझिन भरण्याचे प्रयोग झाले. काही डोह पुन्हा पाणी धरू लागले. पण हे काम एकेका उंबऱ्याचे, खर्चाचे आणि यंत्र पोचेल तिथलेच आहे. वरच्या अंगाच्या दलदली पावसाचे पाणी महिनोन्‌महिने धरून ओढ्याला सोडत राहतात. त्यांच्याखालचा खडक फुटला तर तिथे रेझिनचा उपयोग नाही. दलदल सुकते, तिची माती धुपते, आणि ओढ्याचे उन्हाळी पाणी मुळाशीच तुटते.

पाणी साचते तिथे

जिथे भूजल मुळातच उथळ आहे तिथे परिणाम उलटा दिसतो. जमीन खचून पाण्याच्या पातळीखाली जाते आणि तळी तयार होतात. इंग्लंडमध्ये विगनच्या आसपास अशी तळी आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. चीनमध्ये हुआइनानच्या सुपीक शेतीची अशीच सरोवरे झाली. त्यांतल्या एकावर २०१७ मध्ये ४० मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प उभा राहिला. त्याची छायाचित्रे जगभर गेली, पण त्या पाण्याखाली कुणाची तरी पिकती शेती आहे हे विसरता कामा नये.

जर्मनीच्या रूर खोऱ्याने याची किंमत सर्वांत स्पष्टपणे मांडली आहे. तिथे जमीन इतकी खचली की एम्शर नदीच्या खोऱ्यातले पाणी आपोआप वाहून जाईना. जमीन हलत असताना भूमिगत गटारे टिकली नसती, म्हणून नदीच शंभरावर वर्षे सांडपाण्याचा उघडा कालवा झाली. तिची व्यवस्था पाहणारी सहकारी संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली, आणि नदी सांडपाण्यातून मोकळी झाली ती २०२१ च्या अखेरीस. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तरी पंप चालूच आहेत. ते थांबवले तर वस्त्या पाण्याखाली जातील आणि खाणीतले खारट पाणी वरच्या पिण्याच्या पाण्याला भिडेल. या कायमच्या खर्चासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान उभारून त्यात आधीच निधी ठेवण्यात आला. खाणीचे आयुष्य काही दशकांचे आणि पाण्याची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्यांची, हे त्या देशाने हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले.

सिद्ध कुणी करायचे?

पेनसिल्व्हेनिया राज्याने १९९४ मध्ये एक कायदा केला, तो ‘अ‍ॅक्ट ५४’ म्हणून ओळखला जातो. खाणीच्या काठापासून उभ्या रेषेशी ३५ अंशांचा कोन काढायचा. त्या कोनात येणाऱ्या विहिरीचे वा झऱ्याचे पाणी गेले किंवा बिघडले, तर ते खाणीमुळेच गेले असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर असते. पर्यायी सोय नसलेल्या घराला २४ तासांत तात्पुरते पाणी द्यावे लागते आणि पुढे कायमची व्यवस्था करावी लागते. मालकाने खाणीआधीच्या तपासणीला आडकाठी केली असेल, तर मात्र कंपनी या गृहीतकातून सुटू शकते. त्यामुळे दोन्ही बाजूंना आधीची मोजणी हवीशी वाटते. शिवाय दर पाच वर्षांनी सगळ्या परिणामांचा अहवाल जाहीर करणे सरकारला बंधनकारक आहे.

हा कायदा निर्दोष नाही. त्याने खचणे हे नियोजित मानून परवानगी दिली आणि ओढ्यांचे रक्षण दुबळे ठेवले. रायरसन स्टेशन या राज्य उद्यानातला ड्यूक तलाव २००५ मध्ये धरणाला तडे गेल्याने रिकामा करावा लागला. राज्याने खाण कंपनीवर दावा लावला आणि २०१३ मध्ये ३ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. जमीन अजून हलते आहे म्हणून धरण पुन्हा न बांधण्याचा निर्णय २०१५ मध्ये घ्यावा लागला. पैसे मिळाले, तलाव मिळाला नाही. २०१७ मध्ये राज्याच्या पर्यावरण न्यायमंडळाने एका ओढ्याखालून लाँगवॉल नेण्याची परवानगी चुकीची ठरवली, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून खाणींना वाट मोकळी केली. तरीही विहिरींच्या बाबतीत या कायद्याने केलेली मुख्य गोष्ट मोलाची आहे. पुराव्याचे ओझे दुर्बळाच्या खांद्यावरून उतरवून ज्याच्याकडे नकाशे, यंत्रे आणि भूगर्भतज्ज्ञ आहेत त्याच्यावर ठेवले.

आपल्याकडचा हिशेब

भारतात जमीन खचण्याची चर्चा झरिया आणि राणीगंजपासून सुरू होते. २००९ मध्ये केंद्राने या दोन कोळसा क्षेत्रांसाठी मास्टर प्लॅन मंजूर केला, त्यात झरियाला ७,११२ कोटी आणि राणीगंजला २,६६१ कोटी रुपये ठेवले. कोळशाला लागलेली आग विझवणे आणि कुटुंबे हलवणे हा त्याचा गाभा आहे. खचण्याचा आणि पाण्याचा संबंध आपल्याकडे लक्षात राहिला तो अपघातांतून. १९७५ च्या डिसेंबरात चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी घुसून ३७५ कामगार गेले. १९९५ च्या सप्टेंबरात गझलीटांडमध्ये काटरी नदीचे पाणी खाली उतरून ६४ जण गेले. त्यामुळे नियमांचा रोखही तिकडेच राहिला. नदी, कालवा किंवा तलावाच्या खाली, तसेच काठापासून १५ मीटरच्या आत परवानगीवाचून काम करू नये, हा नियम खाणीतल्या माणसाला पाण्यापासून वाचवण्यासाठी आहे. पाण्याला खाणीपासून वाचवायला तो पुरत नाही. खाण २०० मीटर खोल असेल, तर ३५ अंशांच्या कोनाने तिचा प्रभाव वर १४० मीटर बाहेर जातो. आपल्याकडचा खडक कठीण आहे म्हणून कोन २० अंशांचाच धरला, तरी सुमारे ७३ मीटर. पंधरा मीटर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

महाराष्ट्राचा कोळसा वर्धा खोऱ्यात आणि नागपूरजवळच्या कामठी क्षेत्रात आहे. कोळसा बराकर थरांत, आणि कित्येक ठिकाणी त्यावर कामठी वालुकाश्म. हा वालुकाश्म या भागातला चांगला पाणीधारक खडक आहे, आणि फुटल्यावर न मिटणाऱ्या जातीचाही. त्याच्यावर काळी माती. उन्हाळ्यात पडलेली भेग काळी माती पावसात फुगून बुजवते. वरून पाहणाऱ्याला जमीन बरी झालेली दिसते, पण खालचा खडक तसाच फुटका असतो. खाणीवरच्या भेगा मातीने बुजवण्याची अट परवानगीत असते. खाणीत पाणी आणि हवा शिरू नये यासाठी ती उपयोगी आहे, विहिरीसाठी नाही.

जुन्या पिलर पद्धतीची आणखी एक गोष्ट म्हणजे ती खचण्याची वेळ सांगत नाही. बंद खाणीत खांब पाण्यात उभे राहतात, झिजतात आणि दशकांनंतर एखाद्या दिवशी बसतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचे एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. सुदैवाने जीव वाचले आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. घर गेले म्हणून बातमी झाली. त्याच कारणाने विहीर आटली असती तर ‘यंदा पाऊस कमी’ यावरच विषय संपला असता.

खाणीतून उपसलेले पाणी गावांना, शेतीला आणि वीजकेंद्रांना देण्याच्या योजना वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीने राबवल्या आहेत. पाटणसावंगीला तर या पाण्यापासून ‘कोल नीर’ हे बाटलीबंद पाणी तयार होते. उपसा करायचाच आहे तर पाणी वाया न जाता वापरात यावे, हे योग्यच आहे. पण उपसलेले पाणी बहुतांशी त्याच परिसरातले भूजल असते. आपल्या विहिरीवर शेतकऱ्याचा हक्क असतो. खाणीच्या नळावर तो नसतो, आणि खाण बंद झाली की नळही बंद होतो.

काय करता येईल

पोकळी भरणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आपल्याकडे पाण्याबरोबर वाळू सोडून गोफ भरण्याची पद्धत जुनी आहे. ती खचणे पुष्कळ कमी करते, पण नदीची वाळू उपसून विहीर वाचवणे म्हणजे दुखणे एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नेणे. छत्तीसगडमधल्या सिंघाली खाणीसाठी २०२५ मध्ये पेस्ट-फिल तंत्राचा करार झाला. त्यात फ्लाय अ‍ॅश, दगडाचा चुरा, सिमेंट आणि पाण्याचा लगदा पोकळीत भरतात. वर वस्ती, रस्ता आणि वीजवाहिन्या असल्याने तिथे छत पाडून कोळसा काढणे शक्यच नव्हते. चंद्रपूरला वीजकेंद्राच्या राखेची कमतरता नाही. राखेतले धातू भूजलात उतरणार नाहीत याची चाचणी आधी करून हा मार्ग इथेही तपासायला हवा. पट्ट्याची रुंदी कमी ठेवणे आणि ओढ्यांखाली कोळसा सोडून देणे हे उपाय साधे आहेत. त्यांत कोळसा गमवावा लागतो, आणि नेमके म्हणूनच ते कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाहीत.

जगाचा अनुभव पाहता काही गोष्टींवर आता वाद उरलेला नाही. छत पाडून कोळसा काढला की वरच्या पाण्यावर परिणाम होतो. तो किती होईल हे खडकावर ठरते. फुटलेले ओढे क्वचितच पूर्ण बरे होतात. आणि आधीची मोजणी नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून भूमिगत खाणींचा नवा टप्पा सुरू होण्याआधी तीन अटी कायद्यात याव्यात. प्रभावक्षेत्रातल्या प्रत्येक विहिरीची, बोअरची आणि नाल्याची किमान दोन पावसाळ्यांची मोजणी, ग्रामपंचायतीला खुली असलेली. त्या क्षेत्रातले पाणी गेले तर जबाबदारी खाणीची, हे गृहीतक. आणि खाण बंद झाल्यानंतरच्या पाण्यासाठी आधीच बाजूला ठेवलेला निधी.

कायदा येईल तेव्हा येईल. खाणपट्ट्यातल्या वाचकाने तोवर एक काम स्वतः करावे. पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात आपल्या विहिरीची पातळी दोरी सोडून मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी, वर्षातून एकदा पाणी तपासून घ्यावे आणि ती नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात आणावी. उद्या प्रश्न उभा राहील तेव्हा कंपनीकडे तिचे आकडे असतील. आपल्याकडेही आपले असायला हवेत.